एक-एक सांगा

परत आल्यापासून चौघांनी विचारलं, अजिंठ्याची लेणी कशी वाटली. लेणी मी पाहिलीच नाहीत. फर्दापूरपाशी बस पाच मिनिटं थांबली तेव्हा कंडक्टरने हाताने फाटा दाखवला, तेवढाच माझा अजिंठा. त्या फाट्याच्याही पुढं, सोयगावपर्यंत, मी का गेले ते सांगायला बसले आहे. जाताना हौसेने गेले नव्हते आणि येताना धड कुणाशी बोलायच्या मनःस्थितीत नव्हते, हे आधीच सांगून टाकते.

माझं काम थोडक्यात असं. काही मुलांना ऐकू नीट येतं, डोळे चांगले असतात, खेळण्यात हुशारी असते, पण वाक्य लांबलं की त्यांच्या हातून ते सुटतं. पहिला भाग धरावा तर शेवट निसटतो, शेवट धरावा तर सुरुवात. वाचायला बसली की अक्षरं लावण्यातच दमतात आणि ओळ संपेपर्यंत अर्थ उरलेला नसतो. अशी मुलं ओळखायची, घरच्यांना आणि शाळेला सांगायचं, हे मी पुण्यात एकतीस वर्षं करते आहे. गुडघे गेले, आवाज बसायला लागला, आणि यंदा ठरवलं होतं की बाहेरगावचं काम बंद. तेवढ्यात कल्पनाचा फोन आला. ही माझी जुनी विद्यार्थिनी; संभाजीनगरजवळ बजाजनगरात दोन खोल्यांत मुलांना शिकवते. "मॅडम, चार दिवस या. आठ मुलं आहेत, मला एकटीला ठरवता येत नाहीये. आणि काम झालं की तुम्हाला लेण्यांना नेते." लेण्यांच्या लोभाने नव्हे, तिला नाही म्हणता येईना म्हणून गेले.

बजाजनगर, सोमवार

कल्पनाचं घर वरच्या मजल्यावर, खाली रस्ता. वाळूजच्या कारखान्यांच्या बसगाड्या पहाटेच तिथून सुरू होतात आणि प्रत्येक ड्रायव्हरला आपण आल्याचं कळवायचंच असतं. सहा वाजता मी उठून बसले होते. सगळं गाव पाळीवर चालतं. कुणाचा नवरा पहिल्या पाळीला, कुणाचा दुसरीला. संध्याकाळी चारला रस्त्यावर एकाच रंगाचे शर्ट दिसतात आणि सकाळच्या पाळीच्या आठवड्यात भेटलेला माणूस पुढच्या आठवड्यात दिसतच नाही.

नाश्त्याला कल्पनाने सुशीला केली होती. भिजवलेल्या मुरमुऱ्यांचा हा प्रकार मी मराठवाड्याबाहेर कुठं खाल्लेला नाही. पोटाला हलका, आणि तोंडातला घास संपायच्या आत पुढचा हवासा वाटतो. दिवसभरात बरं म्हणावं असं तेवढंच झालं. नंतर संध्याकाळपर्यंत चार मुलं तपासली आणि तीच चित्रं, तीच वाक्यं बोलून मला स्वतःचाच कंटाळा आला.

एक मात्र मला आवडलं, ते कबूल करते. पुण्यात पालक हुज्जत घालतात. मी दोन वाक्यं बोलले की ते पंधरा प्रश्न विचारतात, मोबाईलवर काय वाचलं ते मला ऐकवतात, दुसऱ्या डॉक्टरांचं मत तोंडावर फेकतात. इथं मी बोलायची आणि समोरचा बाप मान हलवून म्हणायचा, "व्हय मॅडम." झालं. इतका मान, इतका विश्वास. मी कल्पनाला म्हणालेसुद्धा, "तुझ्याकडचे पालक फार समजूतदार आहेत गं." ती टेबलावरची चित्रं गोळा करत राहिली.

बजाजनगर, मंगळवार

तपासणीतलं पाचवं मूल कोमल. अकरा वर्षांची, पाचवीत, दोन घट्ट वेण्या, आणि समोर बसताना आधी खुर्ची हलते का ते बघणारी. शाळेचं पत्र सोबत होतं: मुलगी मुद्दाम उलट वागते. उदाहरणही दिलं होतं. बाईंनी सांगितलं, वही जमा करण्याआधी नाव लिहा. कोमलने वही जमा केली आणि मग नाव लिहायला गठ्ठ्यात आपली वही शोधत बसली. तीनदा असं झाल्यावर तिला वर्गाबाहेर उभं केलं.

मी टेबलावर कप, चमचा आणि डबा ठेवला. "कप उचल." उचलला. "चमचा डब्यात ठेव." ठेवला. "आता ऐक. कप उचलण्याआधी चमचा डब्यात ठेव." तिने कप उचलला, मग चमचा डब्यात ठेवला, आणि माझ्याकडे पाहिलं. काहीतरी चुकलं हे तिला माझ्या तोंडावरून कळलं, पण काय ते कळलं नाही. त्या नजरेची मला एकतीस वर्षांत सवय झालेली नाही.

मग चित्रं. "जी मुलगी म्हशीला पाणी पाजते आहे तिची टोपी लाल आहे, ती दाखव." तिने म्हशीवर बोट ठेवलं. म्हशीला टोपी नव्हती. कोमलच्याही ते लक्षात आलं असावं, कारण तिने बोट हळूच काढून घेतलं आणि म्हणाली, "हिला टोपी नाय दिली." मी हसले, तीही हसली. त्यानंतर ती मोकळी झाली आणि तिचं दुखणं मला स्पष्ट दिसलं. ती उलट वागत नव्हती. ऐकू येईल त्या क्रमाने ती गोष्टी करत होती. बाईंच्या वाक्यात वही पहिली आली, म्हणून तिने वही पहिली दिली.

मुलांच्या बाबतीत माझा एक नियम आहे. मूल "हो" म्हणालं तर तो हो मी धरत नाही. "मी काय म्हणाले ते करून दाखव," असं म्हणते आणि वाट बघते. मुलं ओरडा चुकवायला हो म्हणतात, हे मी माझ्या हाताखालच्या प्रत्येकीला पहिल्या दिवशी शिकवलं आहे. कल्पनालाही.

संध्याकाळी कोमलच्या घरी गेले. दोन खोल्या, दारात तुळस, आत ओटा लखलखीत. आई सविता एका खानावळीत पोळ्या करायला जाते. वडील भानुदास वाळूजच्या एका कारखान्यात लाईनवर. मूळचे सोयगावकडचे, मेंढरं राखणारं घर. भानुदासचा थोरला भाऊ रंगनाथ अजून तेच करतो. सविताने दही आणि गरम धपाटे पुढं केले आणि बोलता बोलता ओट्याच्या कडेला वस्तू मांडायला लागली. दुधाची किटली, तिच्या शेजारी विजेचं बिल, त्याच्या शेजारी तुटलेल्या अंगठ्याची कोमलची चप्पल. सगळं एका ओळीत, हाताने सारखं करून.

"हे काय?" मी विचारलं.

"हे पाळीवरनं आले का डावीकडनं एकेक काम घेत जात्यात. ह्यांना तोंडी सांगून भागत नाय, मॅडम."

मी हसले. तोंडी सांगून कुठल्या नवऱ्याला भागतं, असं काहीतरी म्हणालेही. त्या ओळीकडे बघत मी दोन धपाटे खाल्ले आणि तिसरा घेतला. माझ्या धंद्यातली सगळ्यात मोठी गोष्ट ती बाई ओट्यावर मांडून ठेवत होती आणि मला ती घरातली गंमत वाटली.

बजाजनगर, बुधवार

भानुदास पाळी सुटल्यावर थेट आला. कंपनीचा शर्ट, हातात डब्याची पिशवी. खुर्ची दिली तरी बसला नाही. मी दमले होते. सकाळपासून तीन मुलं आणि तीन अहवाल झाले होते, आणि दुसऱ्या दिवशी लेण्यांना जायचं डोक्यात होतं. कल्पनाने मला आधीच सांगितलं होतं की भानुदासचा विचार मुलीला शाळेतून काढून भावाकडे ठेवायचा आहे. दिवाळीनंतर भावाचा कळप खाली खानदेशाकडे निघतो तो पावसाळ्याच्या तोंडालाच परत येतो, आणि त्यांना हाताखाली माणूस हवाय. म्हणजे एकदा गेली की शाळा संपली.

म्हणून मी त्याला समजावून सांगितलं. शब्द मला जसेच्या तसे आठवतात, कारण नंतर मी ते पुष्कळदा आठवले. "हे बघा दादा, कोमलला गावी पाठवायचं ठरवण्याआधी, मी दिलेला हा कागद जो आहे तो शाळेत दाखवून, तिला ज्या बाई सावकाश शिकवतात त्यांच्या वर्गात बसवता येतं का ते विचारा, आणि तसं बसवल्यावरही मार्चपर्यंत फरक पडला नाही तरच काय ते बघा."

"व्हय मॅडम," तो म्हणाला.

"कळलं ना?"

"व्हय, व्हय."

तो कागद घेऊन गेला. मी माझ्या प्रतीवर खाली नेहमीचं वाक्य लिहिलं: पालकांना समजावून सांगितले. सही केली आणि कल्पनाला म्हणाले, "चल, सुटलो."

सोयगाव, गुरुवार

सकाळी आठला सविता जिन्यातच रडायला लागली होती. भानुदासने रजा टाकली होती आणि सहाच्या गाडीने कोमलला घेऊन सोयगावला गेला होता. "मॅडमनीच सांगितलं म्हणले. आधी गावी पाठवायचं, मंग कागद शाळेत द्यायचा. परवा कळप हलायलाय, मॅडम. तुमी असं कामून सांगितलं?"

मी त्याला फोन लावला. घाईघाईत सगळं पुन्हा सांगितलं, आदल्या दिवसापेक्षा जास्त. पलीकडून बसची घरघर आणि त्याचं "व्हय मॅडम, व्हय" ऐकू येत होतं. फोन ठेवल्यावर मी सविताकडे पाहिलं. ती म्हणाली, "त्यांना काय बी कळालं नाय." तिने ते इतक्या सरळपणे सांगितलं की मला लाज वाटली.

कल्पनाकडे शिकायला मुलं यायची होती, म्हणून सविता आणि मी दोघीच निघालो. सिल्लोडपर्यंत मी खिडकीबाहेर बघत होते. रस्त्याची धूळ इतकी की कापसाची बोंडंही तांबूस दिसत होती. सविताने डब्यातली भाकरी आणि ठेचा काढला आणि म्हणाली, "खा. उपाशी बसून बस लवकर जायची नाय." अजिंठ्याचा घाट उतरला, फर्दापूरचा फाटा आला, चार-पाच पर्यटक कॅमेरे सावरत उतरले. मला त्यांचा राग आला. राग माझा मलाच यायला हवा होता, पण तो यायला अजून अर्धा तास होता.

त्या अर्ध्या तासात सविताने सांगितलं. लग्नानंतर पहिलं वर्ष ती नवऱ्याला अडाणी समजायची, मग हट्टी समजायला लागली. काम सांगावं, तो व्हय म्हणायचा आणि भलतंच करून यायचा. एकदा तो बाजाराला निघाला तेव्हा ती चिडून बोललीच नाही. रिकामी तेलाची बाटली आणि फाटकी पिशवी त्याच्या चपलेपाशी ठेवून गेली. त्या दिवशी दोन्ही कामं बिनचूक झाली. तेव्हापासून ओळ.

"कोमल बापावर गेलीय," ती म्हणाली. "तुमी तिला तपासलं. मला वाटलं, तुमाला त्यांचं बी कळालं आसंल."

हे घरात चालत येतं, हे मी दरवर्षी वर्गात शिकवते. मुलाच्या आई-बापालाही तीच अडचण असू शकते, हे माझ्या टिपणात पहिल्या पानावर आहे. आणि मी त्या माणसाला, पाळीहून दमून आलेल्याला, उभ्याउभ्या ते वाक्य ऐकवलं होतं. त्याने त्याच्या मुलीसारखंच केलं. जे पहिलं आलं ते पहिलं केलं. मुलीला मी करून दाखव म्हणाले आणि बापाला विचारलं, कळलं ना.

वस्ती सोयगावच्या बाहेर, एका कापलेल्या मक्याच्या रानात. कुत्र्यांनी आमची दखल घेतली. कोमल कोकराला मांडीवर घेऊन बसली होती आणि अगदी खुशीत होती. मी तिच्याजवळ बसले. बसले म्हणजे गुडघ्यांनी परवानगी दिली तेवढी वाकले.

"इथं बरं वाटतं?"

"व्हय. इथं कुणी लांब बोलत नाय."

"आणि शाळा?"

तिने कोकराच्या कानातला गोखरूचा काटा काढला. "शाळा बी चांगली हाय. चित्रकलेचा तास हाय. पोरी हायेत. पण बाई लई बोलत्यात, मंग मी बाहेर."

रंगनाथने घोंगडी टाकली. त्याच्या बायकोने ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकरी आणि वांग्याचं भरीत वाढलं, आणि जेवण होईस्तोवर कुणी कामाचं बोललं नाही. तशी तिथली रीत आहे. पुण्यात मी दारातच विषय काढला असता. हात धुतल्यावर भानुदास समोर येऊन बसला. चेहऱ्यावर भीती होती. सांगितलेलं केलं तरी मॅडम का आल्या, हे त्याला उमगत नव्हतं.

मी सुरुवात केली. "दादा, मी काल जे म्हणाले होते त्याचा अर्थ असा होता की..."

"व्हय मॅडम," तो म्हणाला.

सविता उठली. काही न बोलता तिने माझ्या पिशवीतून माझी अहवालाची प्रत काढली आणि घोंगडीवर ठेवली. तिच्या शेजारी कोमलचं दप्तर आणून ठेवलं. त्याच्या शेजारी रंगनाथची काठी. हाताने ओळ सारखी केली. "बोला आता," ती मला म्हणाली.

मी कागदावर हात ठेवला. "हा कागद. शाळेत द्या."

थांबले. थांबणं मला जमत नाही, तरी थांबले.

"हे दप्तर. कोमल शाळेत जाईल. दुसऱ्या बाईंच्या वर्गात. मार्चपर्यंत."

भानुदास दप्तराकडे बघत होता.

"ही काठी. शेवटी. मार्चनंतर. तेव्हा तुम्ही ठरवा."

मग मी त्याला ते म्हणाले जे एकतीस वर्षांत एकाही मोठ्या माणसाला म्हटलं नव्हतं. "दादा, मी काय म्हणाले ते दाखवा."

त्याने कागदाला बोट लावलं. "शाळेत." दप्तराला लावलं. "मार्चपस्तोर." काठीला हात लावला आणि ती ओळीतून काढून भावाकडे सरकवली. "हे आत्ता नाय."

"बरोबर."

त्याने दप्तर उचलून आपल्याजवळ घेतलं. मग शांतपणे म्हणाला, "तुमाला असं बोलता येतंय. मंग काल कामून नाय बोललात?"

दमले होते, हे उत्तर नव्हे. तोही दमलेला होता. मी म्हणाले, "माझं चुकलं." त्याने मान खाली घातली, जणू चूक त्याचीच उघडी पडली होती.

थोड्या वेळाने तो आपणहून बोलायला लागला. शाळेत त्यालाही बाहेर उभं करायचे. कारखान्यात साहेब समजावून सांगतात तेव्हा तो व्हय म्हणतो आणि शेजारच्याच्या हाताकडे बघतो. शेजारचा जे करेल तेच हा करतो. दोनदा त्याला लाईनचा मुकादम करत होते, दोन्हीदा त्याने काहीतरी कारण काढून टाळलं. "मुकादमाच्या शेजारी कुणाचे हात नसत्यात," तो म्हणाला. सविता जमिनीकडे बघत होती. इतक्या वर्षांत हे तिलाही त्याने सांगितलं नव्हतं.

हाताखाली आलेली कोमल परत जाणार होती, पण रंगनाथ मनाचा मोठा. "न्या पोरीला," तो म्हणाला. "दप्तर बी न्या. मेंढरं खातील."

परतीची वाट, शुक्रवार

येताना कोमल खिडकीशी, मग सविता, मग मी. भानुदास पुढच्या सीटवर, मांडीवर तो कागद सांभाळत. फाटा पुन्हा आला आणि गेला. कुणालाही लेण्यांची आठवण झाली नाही.

मला माझ्या पुण्यातल्या कपाटाची आठवण होत होती. त्यात एकतीस वर्षांच्या फायली आहेत. प्रत्येकीच्या तळाशी माझ्या अक्षरात एकच वाक्य: पालकांना समजावून सांगितले. किती जण व्हय म्हणून गेले असतील? किती जण कळलं नाही म्हणून पुन्हा आले नसतील, आणि मी त्यांच्या नावापुढं 'पालक सहकार्य करत नाहीत' असं लिहिलं असेल? असं मी लिहिलेलं आहे. ती फाईल कुठल्या खणात आहे तेही मला माहीत आहे. हुज्जत घालणारे पुण्याचे पालक मला त्या बसमध्ये पहिल्यांदा बरे वाटले.

संभाजीनगर, शनिवार

सकाळची शाळा होती. मी भानुदासबरोबर येते म्हणाले, तर तो नको म्हणाला. "तुमी आलात का बाई तुमच्याशीच बोलतील." मग मी कल्पनाबरोबर स्टॅंडवर गेले आणि पुण्याच्या गाडीत बसले. तो येईल असं वाटलं नव्हतं. गाडी सुटायच्या जरा आधी खिडकीखाली आला, घामाघूम. कोमल मागं उभी होती, दप्तर पाठीला.

"दिला कागद?" मी विचारलं.

"दिला."

"काय म्हणाल्या बाई?"

"लई लांब बोलल्या." त्याने खिडकीची कड धरली. "मी व्हय म्हणणार होतो. तोंडात आलतं. मंग म्हणलं, बाई, मला एकदम नाय कळत. एक-एक सांगा."

चाळीसेक वर्षं व्हय म्हणत आलेला माणूस, पोरीच्या शाळेत, पोरीच्या देखत हे म्हणाला होता. माझ्या डोळ्यांत पाणी आलं आणि मी ते लपवलं नाही.

"मग?"

"मंग सांगितलं त्यांनी. कागद घेतला. सोमवारपासनं दुसऱ्या वर्गात." त्याने मागं वळून कोमलकडे पाहिलं. तिने दोन बोटं वर केली, तेव्हा तो म्हणाला, "दोनदा सांगितलं. दुसऱ्यांदा हीच म्हणली, परत सांगा, म्हणून."